ताजे करा

१२ फेब्रुवारी, सोमवार

कॉलेज सोडलं आणि आजपासून मी सरकारी खुर्चीवर बसतो. खुर्ची तात्पुरती आहे, तिचा एक पाय त्याहून तात्पुरता. बालसंरक्षण कार्यालय, तळमजला, जिन्याखालची फोनची खोली. कुठे एखाद्या मुलाला मारतायत, कोंडून ठेवतायत, उपाशी ठेवतायत असं कुणाला वाटलं की त्याने इथे फोन करायचा. मी तो उचलायचा आणि कॉम्प्युटरवर टिपून घ्यायचा. पुढे कार्यकर्त्या त्या घरी जातात. जातात म्हणजे, नंबर लागला की जातात.

दादाला वाटतं मला समाजसेवेचा झटका आलाय. “समाजसेवाच करायची तर गच्चीवरचे कपडे काढून आण,” म्हणाला. वहिनी जास्त हुशार. तिने सरळ विचारलं, “दिसायला कशी आहे?” मी ताटावरून उठलो. उठायला नको होतं, पोटात कावळे ओरडत होते.

आता इथे खोटं कशाला लिहू? ती इथली कार्यकर्ती, मागच्या महिन्यात आमच्या वर्गात बोलायला आली होती. फार बोललीच नाही. “आमच्याकडे माणसं नाहीत. कुणी येईल का?” एवढंच. वर्ग बाकाखाली मोबाइल बघत होता. मी हात वर केला. सर म्हणाले, “आधी राहिलेले विषय सोडव, मग जग सोडव.” सगळे फिदीफिदी हसले. ती हसली नाही. त्यानंतर मी सरांना जे बोललो ते मलाही धड आठवत नाही, पण प्राचार्यांना शब्दन् शब्द आठवत होता.

माझ्या आधी फोनवर जी होती ती कधीच सोडून गेली. शिकवायला कुणी नाही. मधले महिने ड्रायव्हरकाकाच फोन घेत होते, त्यांनीच शिकवलं. “मुलाचं नाव, पत्ता, काय झालं ते लिही. मग हे हिरवं बटण. ‘ताजे करा’. दाबलं की गेलं वर, मोठ्या बाईंकडे.”

“आणि हे करडं?”

“त्याच्या वाटेला मी गेलो नाही. तूही जाऊ नकोस.”

१९ फेब्रुवारी, सोमवार

एक नियम पाठ झाला. रक्त आलं किंवा हाड मोडलं तर तातडी. बाकी सगळी मुलं रांगेत. रांग मोठ्या बाईंच्या खोलीत, वर. त्या या कार्यालयाच्या प्रमुख, शिवाय आणखी दोन कार्यालयांचा भार त्यांच्याच डोक्यावर, त्यामुळे त्या कधी कुठे असतील सांगता येत नाही. कार्यकर्त्यांच्या जागा सहा. चार रिकाम्या, एक बाळंतपणाच्या रजेवर. उरली ती.

म्हणजे सगळ्या शहराची मुलं आणि ती एकटी. आणि गाडी एक, तीही दुपारी दुसऱ्या खात्याला द्यायची.

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणतात. मी मेलो तरी म्हणणार नाही. मॅडम म्हटलं की ती इकडेतिकडे बघते, कोण मॅडम म्हणून. म्हणून मी नुसतं ‘अहो’ म्हणतो. अहो, ही फाईल. अहो, तुमचा फोन. ड्रायव्हरकाका गाडी पुसता पुसता म्हणाले, “लग्नाआधीच अहो? आणि तेही उलट्या बाजूने?” ती ऐकून हसली. दात किती सुंदर असावेत माणसाचे!

मोठ्या बाईंनी माझं नाव स्टोव्ह ठेवलंय. दोन पंप मारले की भडकतो म्हणून. आता सगळेच स्टोव्ह म्हणतात, तीसुद्धा. तिच्या तोंडी बरं वाटतं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा फोन. जुन्या इमारतीत तळमजल्यावर मशीन टाकून बसतात. वरच्या मजल्यावर नवरा-बायको आणि सात वर्षांची मुलगी.

“साहेब, तो मारतो तिला.”

“तुम्ही पाहिलं?”

“पाहीन कशी? छत आहे ना मध्ये. टीव्ही मोठा झाला की मला कळतं. आई मोठा करते. मुद्दाम.”

नियमाप्रमाणे विचारावं लागतं. “रक्त आहे का?”

“रक्त नाही हो. आवाज आहे.”

मुलगी शाळेतून आली की त्यांच्याकडे येऊन बसते. त्यांना जवळचं दिसत नाही, ती सुईत दोरा ओवून देते. परवा ओवत होती तर हात वर होईना. विचारलं तर म्हणाली, झोपेत वळला. 

माझ्या कानशिलांत रक्त तापलं. सगळं लिहिलं, एकही शब्द गाळला नाही. शेवटी लिहिलं, ‘अत्यंत गंभीर’. आणि ‘ताजे करा’ असं दाबलं की टेबल हललं.

२८ फेब्रुवारी, बुधवार

शिवणवाल्या मावशींचा पुन्हा फोन. कुणी आलं नाही म्हणाल्या. मी म्हटलं, “मावशी, तुम्ही एकदा फोन करून गप्प बसलात तर वरच्यांना वाटेल मिटलं. करत राहा. रोज करा. मी रोज वर पाठवतो.”

“तुम्हाला त्रास नको, बाळा.”

“त्रास कसला? त्यासाठीच बसलोय.”

साहेबाचा बाळा झालो. हेही बरं वाटलं. आजचं लिहून ताजे केलं.

४ मार्च, सोमवार

ती आज जेवताना माझ्या खोलीत आली, कारण वर खुर्चीवर फाईली होत्या. उभ्यानेच खात होती. माझ्या डब्यातला अर्धा घास घेतला! मी उरलेला डबा तसाच घरी नेला. वहिनी म्हणाली, “बरं नाही का?” म्हटलं, फार बरं आहे.

ती वैतागलेली होती. “अरे, मी जाते त्या घरी काही नसतंच. आज गेले तर मुलगा केव्हाच आजीकडे राहायला गेलेला, मजेत आहे. परवा गेले तर बापाने दारू सोडून वर्ष होत आलेलं, त्यानेच मला चहा पाजला. यादीत वरून एकेक घेते आणि प्रत्येक घर निवलेलं. मग ही रडणारी मुलं आहेत कुठे?”

मी म्हटलं, “अहो, एक आहे. शिवणवाल्या मावशींच्या वरची.”

“नंबर येईल तिचा. मी मधलं उचललं तर जिचा नंबर मारला तिला काय सांगू? एकदा केलं होतं तसं.” डोळे लाल होते. मला वाटलं आत्ता हात धरावा. पण हाताला आमटी लागली होती, माझ्या.

७ मार्च, गुरुवार

मावशींचा फोन रोज येतो. मशीनची घरघर थांबवून बोलतात. आज हळू बोलत होत्या, मुलगी शेजारी बसलेली. “बोलतेस का ग काकांशी?” मग बराच वेळ श्वास. मग मुलगी म्हणाली, “तुम्ही पोलीस आहात?”

“नाही. पोलिसांपेक्षा भारी.”

“मग कधी येणार?”

“लवकर.”

“शाळेच्या वेळात या. मी घरी नसले तर त्यांना वाटणार नाही मी सांगितलं.”

सात वर्षांची आहे! फोन ठेवून मी भिंतीवर बुक्की मारली. प्लास्टर पडलं. ड्रायव्हरकाका डोकावले, “स्टोव्ह, भिंत कुणाच्या बापाची?” मी लिहिलं, ताजे केलं, आणि मनात म्हटलं, एवढ्या वेळा वर पाठवलंय, आता तिच्यावर कुणी असूच शकत नाही.

१५ मार्च, शुक्रवार

आज दोन गोष्टी झाल्या. ती जिन्यात कुणाशी तरी फोनवर बोलत होती. “पहिल्या तारखेपासून सुटले बाई.” आणि इतकी मोकळी हसली! आल्यापासून तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. मग मला विचारलं, “तुमच्याकडे दोन-तीन रिकामी खोकी मिळतील का रे? मोठी.” म्हटलं, अहो, हवी तेवढी. दादाच्या दुकानातून चार आणली. टेबल आवरतेय बहुतेक. तिच्या कुंडीतलं रोपटंही तिने मला दिलं. “माझ्याकडून पाणी घालणं होत नाही.” माणूस आपली वस्तू कुणालाही देत नाही. मी रोप खिडकीत ठेवलंय आणि दर तासाला पाणी घालतोय.

पहिल्या तारखेला मी तिला सांगणार. सगळं.

दुसरी गोष्ट, मावशी म्हणाल्या आज टीव्ही दुपारीच मोठा झाला.

२१ मार्च, गुरुवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी कुठल्या तरी वरिष्ठांनी पूर्ण यादी मागवली. प्रिंटर फक्त माझ्या खोलीतला चालतो. त्यामुळे ती रांग मी पहिल्यांदा पाहिली. वरून बघत गेलो. पहिलं पान, दुसरं, तिसरं. माझी मुलगी कुठेच नाही. शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीवर, सगळ्यात खाली!

कागद घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. मोठ्या बाई बसल्या होत्या, तीही होती. मी ओरडलो. “किती खाल्ले त्या बापाने दिलेले? रोज वर पाठवतोय मी, आणि तुम्ही रोज खाली ढकलताय?” बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. ती म्हणाली, “स्टोव्ह, बस आधी.” नाही बसलो.

बाईंनी कागद घेतला. चष्मा लावला. मला शांतपणे विचारलं, “रोज पाठवतोस म्हणजे काय करतोस?”

“लिहितो. मग ताजे करा दाबतो.”

“आणि ‘शेरा जोडा’?”

“ते करडं? ते कुणी दाबत नाही.”

मग बाई लहान मुलाला सांगावं तसं बोलल्या. यादी तारखेने लागते. जुनी तक्रार आधी, नवी शेवटी, म्हणजे कुणावर अन्याय नको. जुन्या तक्रारीत भर घालायला करडं बटण. हिरवं दाबलं की तक्रार आजची होते आणि रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहते.

“म्हणजे ज्यांच्यासाठी कुणी फोन करत राहतं,” ती म्हणाली, “ती सगळी मुलं शेवटच्या पानावर. आणि ज्यांचं कुणी नाव काढत नाही, ती वर.” मग खुर्चीत मागे टेकून हसायला लागली. “म्हणून सगळी घरं निवलेली! मी वर्षभर निवलेल्या घरांत चहा पीत फिरले.” हसू थांबेना. बाईंनी तिला पाणी दिलं.

बटणाचं नाव ‘ताजे करा’ कुणी ठेवलं? त्याला धरून आणा आधी! ताजं म्हटलं की माणूस काय समजेल? गरम, तातडीचं, आत्ताचं असंच ना? यात माझं काय चुकलं? ड्रायव्हरकाकांना विचारलं तर म्हणाले, “मला गाडीशिवाय काय कळतं बाबा?” आणि तोंड फिरवून काच पुसत बसले. काच स्वच्छच होती.

बाईंनी ठरवलं, उद्या सकाळी पहिली गाडी त्याच घरी. पोलीस बाई बरोबर. “कुणीही तोपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही. ऐकलंस?” 

ऐकलं. पण उद्या सकाळ म्हणजे मध्ये एक अख्खी संध्याकाळ. एवढ्या फोनांनंतर त्या मुलीने आणखी एक संध्याकाळ काढायची? ऑफिस सुटल्यावर मी सरळ तिथे गेलो.

बाप बनियनमध्ये होता. सभ्य आवाज. “या ना, बसा.” बायको टीव्हीसमोर. मुलगी जमिनीवर बसून गृहपाठ करत होती. मला वाटलं होतं माझा आवाज ओळखेल, पण तिने मान वर केली नाही. मी म्हटलं, “तुमची सगळी कुंडली आहे आमच्याकडे. खाली माणसं राहतात, त्यांना कान आहेत.” त्याचा चेहरा असा उतरला की बस! मग मुलीला म्हटलं, “घाबरायचं नाही. उद्या सकाळी आम्ही गाडी घेऊन येतोय.” बापाने ऐकावं म्हणून मुद्दाम मोठ्याने म्हटलं. तो दारापर्यंत सोडायला आला. “जिन्यात दिवा नाही, जपून,” म्हणाला.

असल्या लोकांना एकदा दरडावलं की ढुंगणाला पाय लावून पळतात. उद्या तिला सांगेन.

२२ मार्च, शुक्रवार

कुलूप.

गाडी पोचली तेव्हा दाराला कुलूप. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर आत भांडी नाहीत, गाद्या नाहीत. टीव्हीची जागा भिंतीवर चौकोनी उजळ. पहाटेच टेम्पो आला होता म्हणे.

मावशी पायरीवर बसल्या होत्या. त्यांचं मशीन जिन्याखाली आडवं, चाक वाकलेलं, डोकं तुटून बाजूला. काल संध्याकाळी तो खाली आला, एक शब्द बोलला नाही, मशीन उचललं आणि आपटलं. “त्याला कुणी सांगितलं असेल हो, बाळा? मी तर तुमच्याशिवाय कुणाला बोलले नाही.” मी म्हटलं, काय माहीत मावशी. खरंच, त्याने अंदाज बांधला असेल. इमारतीत कान काय एकट्या त्यांनाच आहेत?

मुलीच्या नावाने मावशी दोनदा रडल्या. टेम्पोत पुढे बसवली होती, हात ओढणीने गळ्यात बांधलेला.

परत येताना गाडीत मी तिला कालचं दरडावणं सांगितलं. ऑफिसच्या दारात ती माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली नाही. “माणसं कमी होती म्हणून तुला घेतलं. कमीच बरी होती रे.” आणि वर निघून गेली.

रागात माणूस काहीही बोलतो. माझ्यावर राग आहे म्हणजे माझ्याबद्दल काहीतरी आहेच.

१ एप्रिल, सोमवार

ती आलीच नाही. टेबल रिकामं. मी बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “तिचा राजीनामा जानेवारीतच आला होता. दुसरं कुणी मिळेपर्यंत थांब म्हणाले, तर थांबली बिचारी. मिळालं कुठे?”

बाई मला बरं वाटावं म्हणून सांगतात. मला माहीत आहे ती माझ्यामुळे गेली. आमच्यात जे झालं त्यानंतर रोज समोर येणं तिला जमलं नसतं. ‘अहो’ म्हटल्यावर जिची मान वळायची, ती अशी उगाच जाईल? 

रोपटं मेलं. ड्रायव्हरकाका म्हणतात पाणी जास्त झालं.

९ एप्रिल, मंगळवार

मला वाटलं होतं मला काढतील. मी तयारीनेच गेलो होतो, चार गोष्टी सुनावायच्या म्हणून. मोठ्या बाई म्हणाल्या, “सहा महिने वाढवलेत तुझे. दुसरं कोण आहे?”

त्या मुलीची तक्रार बंद झाली. ‘कुटुंब पत्ता सोडून गेले’ एवढा शेरा. करडं बटण बाईंनी मलाच दाबायला लावलं. नवा पत्ता कळला तर त्या गावच्या कार्यालयाकडे देता येईल, म्हणाल्या, तोवर आपल्या हातात काही नाही. दुपारी वरिष्ठांचा फोन आला, यादी कमी होतेय, छान. बाईंनी फोन ठेवला आणि यादी उलटी करून ठेवली.

मावशींचा फोन मात्र बंद होत नाही. रोज. “काही कळलं का, बाळा?” रोज मी म्हणतो, शोधतायत. कोण शोधतंय? मोठ्या बाई? आज दोनदा फोन वाजू दिला.

१८ एप्रिल, गुरुवार

आज मन घट्ट केलं. किती दिवस त्या म्हातारीला झुलवत ठेवायचं? कुणीतरी तिचा जीव शांत करायलाच हवा होता.

फोन उचलताच त्या घाईघाईने, दमलेल्या आवाजात, “बाळा, ऐक, तो टेम्पोवाला काल—”

“मावशी, सापडली ती.”

मशीन नाही त्यामुळे पलीकडे अगदी शांत होतं.

“सापडली?”

“हो. चांगल्या ठिकाणी आहे. दुसऱ्या गावी. मुलांच्या घरात. खूप मुली आहेत तिच्या वयाच्या.”

मावशी रडल्या, मग हसल्या, मग रडल्या. “हात?” म्हटलं, बरा झाला. “जेवते?” म्हटलं, दोनदा मागून घेते. “माझी आठवण काढते का रे?” म्हटलं, रोज. बोलता बोलता मलाच ती दिसायला लागली, अंगणात वगैरे. खोटं बोलतोय असं वाटेचना.

“म्हणजे मी उगीच त्या माणसामागे पायपीट केली बघ,” मावशी म्हणाल्या. “दोन दिवस त्याच्या घरासमोर बसून होते. शेवटी कुठे सोडलं ते कागदावर लिहून दिलं त्याने. जाऊ दे, आता काय करायचंय त्या कागदाचं? चुलीत घालते.”

कुठला माणूस ते मी विचारलं नाही. त्या आनंदात होत्या, मध्ये कशाला तोडायचं?

मग म्हणाल्या, “तिला एक फ्रॉक शिवते. मशीन नाही तर नाही, हाताने शिवेन. तुमच्याकडे पाठवला तर पोचेल ना तिला?”

“पोचेल की. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा.”

“माप माझ्याकडे आहे जुनं. पण आता वाढली असेल नाही?”

मी क्षणभर विचार केला. “दोन बोटं जास्तच ठेवा, मावशी.”

“ठेवते. देव तुझं भलं करो, बाळा. आता रोज त्रास नाही देणार तुला.”

फोन ठेवला. कितीतरी दिवसांनी खोलीत इतकी शांतता होती. डबा उघडला आणि सगळा संपवला.